पालिकेतल्या खेडवळ वॉर्डांचं सांडपाणी: प्लॅन करताय? आधी टाक्या मोजा

पालिका म्हटलं की सगळं शहरच असं वाटतं, पण गोव्यातल्या पेडणे, वाळपई, सांगे, केपे इथले कितीतरी वॉर्ड बघा, कुळागरं, माडांची बागायत आणि मधेच दहा-बारा घरांचा एखादा वाडा. तिथे सिवरेज लाईन टाकायची तर एका घरामागे किती मीटर पाईप लागेल आणि चढउतारामुळे किती ठिकाणी पंप बसवावा लागेल, हा हिशोब करूनच बघा, अर्धा वाद तिथेच मिटतो. त्यामुळे एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) ड्रॉइंगने सुरुवात करू नका. मैला आज जातो कुठे, ते आधी शोधा.

सर्व्हे घरोघरच करायचा, पालिकेच्या रेकॉर्डवर विसंबून चालत नाही. सेप्टिक टाकी किती मोठी, तळाला काँक्रीट आहे का, झाकण उघडतं का की वर टाईल्स बसवल्यात, रस्त्यापासून टाकी किती लांब (टँकरचा पाईप पोचणार का ते यावरूनच कळतं), शेवटचा उपसा कधी झाला. "वीस वर्षांत एकदा सुद्धा उपसली नाही" असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर समजायचं की ती सेप्टिक टँक नाहीच, चिरे रचलेला बिनतळाचा खड्डा आहे आणि सगळं खाली झिरपतंय. भाड्याच्या खोल्या आणि होमस्टे वेगळे लिहा, तिथे पाच माणसांच्या टाकीवर वीस माणसं असतात.

त्याच फेरीत विहिरी पण नकाशावर टाका. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे सोकपिट (टाकीचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा, पण आपल्याकडे जांभा, त्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा १८ मीटर म्हणजे सेफच असं धरू नका. विहिरीचं पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाचा जोर धरल्यावर एकदा तपासा, दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की कुठल्या वाड्यापासून सुरुवात करायची ते आपोआप कळतं. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) कडेला तर जमिनीतलं पाणी इतकं वर असतं की सोकपिट चालतच नाही, तिथे उंचावर केळी-कर्दळीचा बेड करून त्यात टाकीतून बाहेर येणारं पाणी सोडलेलं बरं. न्हाणीघराचं पाणी माडाला-केळीला सोडायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त स्वयंपाकघराच्या लाईनला तेल अडवायला ग्रीस ट्रॅप लावा आणि संडासाचं पाणी त्यात मिसळू देऊ नका.

आता उपसलेल्या गाळावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटची कपॅसिटी. समजा १५०० टाक्या, सरासरी ३ घनमीटरच्या, दर ३ वर्षांनी उपसायच्या. वर्षाला ५०० टाक्या, म्हणजे १५०० घनमीटर गाळ. पावसाळा, सुट्ट्या, गाडीची दुरुस्ती वगळून २०० दिवस धरले तर दिवसाला साडेसात घनमीटर. बस, एवढाच प्लांट, त्याला दोन-तीन टाक्या रोज उपसणारा टँकर. पावसाळ्यात नेहमीचा उपसा ठेवूच नका, जमिनीत पाणी वर आलेलं असताना रिकामी केलेली टाकी, खास करून प्लॅस्टिक-फायबरची, खालून उचलली जाते. प्लांटमधल्या गाळ वाळवायच्या बेडवर छप्पर इस्टिमेटमध्ये पहिल्या दिवशीच टाका, आपल्या पावसात उघडा बेड म्हणजे तळं. आणि जवळ एसटीपी असेल तर आधी तिथे विचारा, पण गाळ सांडपाण्यापेक्षा कितीतरी दाट असतो, मापात आणि हळूहळूच सोडावा लागतो.

पैशाचं बघताना शेजारच्या पंचायतींना सोबत घ्या. पालिकेला स्वच्छ भारत शहरी २.० मधून एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांसाठी सांडपाण्याचा निधी आहे, पंचायतींना ग्रामीण फेज २ मधून मैला व्यवस्थापनाला माणशी २३० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. दोन्ही मिळून एकच प्लांट परवडतो, एकेकट्याने नाही. जागा मात्र आधी बघा, कोमुनिदादची (गावची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर त्यांची मंजुरी, वर प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट. ग्रामसभेत "आमच्या वाड्यात नको" होणारच, तेव्हा पंच आणि दोन-चार विरोधकांना गाडीत घालून एखादा चालू प्लांट दाखवून आणा, महाराष्ट्रातलं वाई काही फार लांब नाही.

वाई आणि सिन्नरने उपसा ठरल्या वेळेने केला आणि पैसे करातून उभे केले, तसंच करा. फोन आल्यावर टँकर पाठवायची पद्धत ठेवली तर टाकी तुंबेपर्यंत कोणी फोन करत नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे कंत्राटातच लिहा, सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला तर २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे. आणि ड्रायव्हरचं बिल घरमालकाच्या सहीवर पास करू नका, प्लांटच्या गेटवरची पावती जोडलेली असेल तरच पास करा, नाहीतर रात्री टँकर जवळच्या ओहळात रिकामा होतो आणि कागदावर सगळं ओके दिसतं.