मॉडेल रॉकेटचे प्लॅस्टिक भाग रंगवताना : कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

मॉडेल रॉकेटची नळी कागदी असते, पंख बहुतेक वेळा बाल्साचे किंवा प्लायचे. टोकाचा शंकू मात्र प्लॅस्टिकचा, आणि काही तयार किटमध्ये पंखांचा अख्खा संचही. रंगाचं गाडं अडतं ते इथंच. कागद आणि लाकूड रंग पितात. प्लॅस्टिकवर रंगाला नुसतं धरून राहावं लागतं. म्हणून इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं शंकू घेऊन येतात तेव्हा रंग कुठला घ्यायचा हे सांगण्याआधी मी विचारतो, हे प्लॅस्टिक कुठलं?

ते घरीच कळतं. शंकूचा जो भाग नळीच्या आत जातो, त्याच्या कडेची बारीकशी कपची ब्लेडनं काढा. ग्लासभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, कपची बुडाशी दाबून धरा आणि सोडा. साबण हवाच, नाहीतर कपची पाण्याच्या पृष्ठताणावर अडकते आणि फसवते. अख्खा शंकू टाकून उपयोग नाही. पोकळ असल्यानं तो तरंगणारच. कपची वर आली तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन, कारण या दोघांची घनता पाण्याहून कमी असते; पॉलिप्रॉपिलीनची साधारण ०.९. तळाला बसली तर बहुधा पॉलिस्टायरीन (सुमारे १.०५) किंवा त्याच्याच कुळातलं एबीएस.

पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग बसत नाही; वाळल्यावर नखानं सोलता येतो. गाड्यांचे बंपर बहुतेक याच जातीचे असतात, त्यामुळे बंपरसाठी मिळणारा प्लॅस्टिक प्रायमर इथं कामाला येतो. त्याचा पातळ हात आधी द्या, मग रंग. कारखान्यात बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवून पृष्ठभाग रंग धरण्याजोगा करतात. घरी तो प्रयोग करू नका, पातळ शंकू वाकतो.

पॉलिस्टायरीनची तऱ्हा उलटी. रंग चांगला धरतं, पण थिनर लागला की विरघळतं. उद्यमनगरात गाड्यांचे पेंटर पत्रा थिनरच्या फडक्यानं पुसून घेतात. पत्र्याला ते योग्यच आहे. तेच फडकं पॉलिस्टायरीनवर फिरलं तर वरचा थर चिकट होऊन त्याला तार सुटते. पुसायला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

त्याआधी धुणं. साच्यातून भाग सुटावा म्हणून साच्याला मेण किंवा सिलिकॉनसारखा पदार्थ लावतात, त्याचा अंश भागावर राहतो आणि रंग तिथून फाटतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. धुतल्यावर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी शंकूच्या बुडात खुपसा आणि पुढचं सगळं काम तिला धरून करा.

मग साच्याची शिवण. दोन अर्धे साचे जिथं मिळतात तिथं शंकूच्या दोन्ही बाजूंना बारीक उभी रेघ उठलेली असते. ब्लेड काटकोनात धरून ती खरवडा, मग २२० नंबरचा पेपर, त्यानंतर ४०० आणि ६०० चे पाणीपेपर, ओले करून. खड्डा राहिला तर लांबी (पुट्टी) भरा, पण एका वेळी अगदी पातळ. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी वाळताना आकसते आणि तिच्यातला थिनर पॉलिस्टायरीन मऊ करतो, म्हणून जाड थर दोन्हीकडून नडतो. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च शंकूला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. दिवसा न दिसलेली शिवण सावली टाकते. राखाडी प्रायमरचा एक हात दिल्यावर पुन्हा तसंच बघा. उरलेलं सगळं तिथं उघडं पडतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ या टॉर्चखाली जातो आणि जायलाच हवा. आपल्याकडच्या फौंड्रीत काम केलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ओतीव भागाला रंगाआधी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्रे मारून पृष्ठभाग साफ करणं, का करतात, हे त्यांना ठाऊक असतं.

फवारणी त्या मानानं सोपी. डबा चांगला हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवर धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. एक जाड हात ओघळतो. तीन-चार पातळ हात द्या. पिवळ्या, लाल आणि फ्लुरोसंट रंगाखाली पांढरं अस्तर हवं. तोंडाला मास्क सेंद्रिय वाफांचा, कापडी नव्हे, आणि काम उघड्यावर. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर (पारदर्शक थर) शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घ्या, कारण एनॅमलवर लॅकर (तीव्र थिनरचा, झटपट वाळणारा रंग) मारला की खालचा थर सुरकुततो. शंका असेल तर तळाशी ६ आकडा असलेल्या प्लॅस्टिकच्या कपावर आधी मारून बघा. तो पॉलिस्टायरीनचाच असतो.

कोल्हापूरची हवा यात मोठी भागीदार आहे. जून ते सप्टेंबर लॅकर पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर मी डबा उघडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, तेव्हा सकाळी लवकर उरका. गळीत हंगामात पाचट पेटलं की काळी राख उडत येते आणि ओल्या रंगात रुतते. वारा बघून काम काढा. आणि रंग निवडताना रॉकेट कुठं पडणार याचा विचार करा. उसाच्या फडात हिरवं रॉकेट सापडत नाही. नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या.

शंकूच्या नळीत जाणाऱ्या भागाला रंग लागू देऊ नका, मास्किंग टेप लावा. तिथं थर चढला की शंकू घट्ट बसतो, इजेक्शन चार्ज (शंकू ढकलून काढणारी मोटरमधली दारू) उडूनही निघत नाही आणि पॅराशूट आतच राहतं. पंखांचा सांधा प्लॅस्टिक सिमेंटनं (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदानं) जोडायचा असेल तर तिथला रंगही खरवडून काढा. सिमेंटला थेट प्लॅस्टिक लागतं.

रंग पूर्ण वाळल्यावर, म्हणजे नाकाशी धरून वास येईनासा झाल्यावर, मोटर बसवलेलं रॉकेट दोऱ्यावर तोला. पंखांवरचा रंग शेपटीकडे वजन वाढवतो आणि गुरुत्वमध्य मागं सरकतो. दाबकेंद्रापेक्षा (उडताना हवेचा जोर जिथं एकवटतो तो बिंदू) तो किमान एक नळीव्यास पुढं हवा. कमी भरला तर शंकूच्या पोटात टोकाशी थोडी मॉडेलिंग क्ले पक्की दाबून बसवा आणि पुन्हा तोला.