भांडण न होता फोन बाजूला कसा ठेवायचा: संध्याकाळच्या दीड तासाची पद्धत

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावाने संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि साडेआठला तो पुन्हा वाजला की सुरू करायचे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरू लागले तरी मुलांच्या हातातून तो सुटेना, आणि मोठ्यांचंही तेच झालं होतं. सरपंच विजय मोहिते यांनी विषय पुढे आणला, ग्रामसभेत तो ठरला, आणि अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक घरोघरी समजावत फिरले.

आपल्या घरासाठी यातून उचलण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. वेळ ठरलेली होती. नियम लहानथोर सगळ्यांना एकच होता. तिसरी सर्वांत मोलाची: 'ठेव तो फोन' हे कुणी कुणाला म्हणायची गरज उरली नाही, ते काम भोंग्याने केलं. बहुतेक घरांत फोनपेक्षा या एका वाक्यानेच नाती जास्त आंबतात. आई मुलाला म्हणते, मुलगा बाबांकडे बोट दाखवतो, बाबा म्हणतात 'मी कामाचं बघतोय', आणि जेवण गप्प होतं. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच धोरणावर उभी आहे: माणसाने माणसाला अडवायचं नाही. अडवायचं काम वेळेकडे, जागेकडे आणि फोनच्या सेटिंगकडे द्यायचं.

आधी एक आठवडा फक्त मोजा

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' उघडा. एकूण किती तास गेले हा आकडा सगळे बघतात, पण कामाचा आकडा वेगळा आहे: दिवसातून फोन किती वेळा उघडला. सलग एक तास सिनेमा पाहणं आणि तोच एक तास पन्नास तुकड्यांत घेणं यात मोठा फरक आहे. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं हे तुकडेच तोडतात.

सोबत एक वही ठेवा. रोज रात्री आठवतील तेवढ्या वेळा लिहा: किती वाजता उघडला, कशासाठी, तेव्हा जवळ कोण होतं. सात दिवस पुरतात. एकमेकांच्या वह्या तपासू नका, आणि या आठवड्यात कुणालाही सुधारायला जाऊ नका. बहुतेकांच्या वहीत दिवसाच्या दोनतीन ठरावीक जागा दिसतील: उठल्या उठल्या, जेवताना, आणि कामावरून किंवा शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास. तुमचा दीड तास यांतल्याच एका जागेवर बसवायचा आहे.

वेळ ठरवणं

पहिल्या दिवसापासून दीड तास ठेवलात तर चौथ्या दिवशी मोडेल. पहिला आठवडा तीस मिनिटं, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यात दीड तास भरतो. शिफ्टची नोकरी असेल तर सातचा हट्ट नको, सगळे घरात असतात ती वेळ घ्या. रोज जमत नसेल तर आठवड्यातून चार दिवस, पण तेच चार दिवस.

परदेशात मुलं-नातवंडं असतील तर घड्याळ पाहून ठरवा. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. व्हिडिओ कॉलची हीच वेळ असेल तर तो कॉल आधी उरका किंवा दीड तास पुढे ढकला. दूरच्या माणसाला या नियमाची झळ बसता कामा नये.

इशारा फोनच्या अलार्मवर लावू नका. अलार्म बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो आणि तिथेच फसगत होते. टेबलावरचं साधं गजराचं घड्याळ घ्या. ज्या घरात दिवेलागणीला देवापाशी दिवा लागतो तिथे दुसऱ्या गजराची गरजच नाही.

फोन कुठे ठेवायचा

खिशात नको, उशाखाली नको, जेवणाच्या ताटाशेजारी उलटा घालूनही नको. दाराजवळच्या कोनाड्यात किंवा शोकेसवर एक परडी ठेवा. अट एवढीच की रिंग ऐकू यावी आणि हात पोचू नये. चार्जिंगचा बोर्ड जवळ असेल तर उत्तम, म्हणजे फोन तिथे ठेवायला आणखी एक कारण मिळतं.

मोठ्या माणसांची खरी अडचण असते ती 'कुणाचा महत्त्वाचा फोन आला तर?' ही. ती खरी आहे, तिला उत्तर द्या. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात फक्त ठरावीक लोकांचे कॉल चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्यासाठी कॉन्टॅक्टला तारा लावायचा असतो: आईवडील, सासूसासरे, वरिष्ठ, शेजारी, डॉक्टर. शिवाय 'रिपीट कॉलर्स' चालू करा. मग एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. कंपनीनुसार मेनूची जागा थोडी बदलते, सेटिंग्जमधल्या शोधात नाव टाकलं की सापडतं.

मग जवळच्यांना एकदाच कळवा: 'सात ते साडेआठ आम्ही मेसेज पाहत नाही, काम असेल तर फोन करा.' हे कळवलं नाही तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी रुसतं. शेतीपंपाच्या लाइटची वेळ फोनवर कळत असेल, किंवा घरात कुणी डॉक्टर असेल, तर त्या एका माणसाचा फोन परडीतच पण पूर्ण आवाजात ठेवा. सवलत कुणाला आणि का हे सगळ्यांसमोर ठरवा. गुपचूप घेतलेल्या सवलतीनेच नियम मरतो.

रिकाम्या हातांचं काय करायचं

इथेच बहुतेक घरं हरतात. फोन परडीत जातो, सगळे हॉलमध्ये बसतात, आणि कुणीतरी म्हणतं, 'बोला आता.' हुकमावर कुणी बोलत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं जड जातात, चिडचिड होते, हात उगाच खिशाकडे जातो. हे होणारच. त्या वेळेला हातांना काम हवं, आणि तेही असं की शेजारी शेजारी बसून करता येईल: मेथी निवडणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, पत्ते, कॅरम, वहीला कव्हर घालणं. समोरासमोर बसवून 'शाळेत काय झालं?' विचारलं की चौदा वर्षांचं मूल 'काही नाही' म्हणतं. तेच मूल शेंगा सोलताना, नजर शेंगेवर असताना, वर्गातल्या भांडणाची सगळी हकीकत सांगून टाकतं. डोळ्यांत डोळे नसले की जड गोष्ट बोलायला सोपी जाते. जेवणानंतरच्या शतपावलीतही हेच घडतं. म्हणून दीड तासातला निदान अर्धा तास असल्या कामाला ठेवा.

या वेळेत मार्क, पैसे आणि लग्न हे तीन विषय काढू नका. फोन ठेवला की बोलणी खावी लागतात हे मुलाच्या एकदा मनात बसलं, की तो परडीपाशी फिरकणार नाही. टीव्हीही बंदच ठेवा. मोहित्यांच्या वडगावात तो बंद ठेवायचं ठरलं ते उगाच नाही: एक पडदा चालू राहिला की दुसऱ्याची आठवण येते.

निळ्या टिकेचं भांडण

व्हॉट्सॲपवर निळ्या टिका २०१४ साली आल्या आणि 'बघितलं पण उत्तर दिलं नाही' हा नवा राग घराघरांत शिरला. तो निवळायला टिकेचा नेमका अर्थ माहीत हवा. टिक निळी झाली म्हणजे समोरच्याच्या फोनवर ते संभाषण उघडलं गेलं, एवढंच. वाचलं, समजलं, वेळ होता, यांतलं काहीच त्यातून सिद्ध होत नाही. भाजी फोडणीला टाकताना अंगठा लागूनही टिक निळी होते.

बंद करायची असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, रीड रिसीट्स. मग तुम्हालाही दुसऱ्यांच्या निळ्या टिका दिसत नाहीत. ग्रुपमध्ये हे लागू होत नाही: तिथे आपला मेसेज दाबून माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसतंच. व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही लपत नाही. 'लास्ट सीन' आणि 'ऑनलाइन' लपवायची सोय त्याच प्रायव्हसीत आहे. नवराबायकोंनी आणि नव्याने लग्न ठरलेल्यांनी या दोन्ही गोष्टी आपखुशीने, एकमेकांना सांगून बंद कराव्यात. न सांगता बंद केल्या की नवा संशय उभा राहतो.

घरचा ग्रुप दोन भागांत

एकाच ग्रुपवर सुप्रभात, फॉरवर्ड, वाढदिवस आणि 'काकांना ॲडमिट केलंय' हे सगळं येत असेल तर शेवटचं हमखास निसटतं. दोन ग्रुप करा. पहिला 'निरोप': सेटिंगमध्ये मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं ठेवा आणि प्रत्येक घरातला एकजण ॲडमिन करा. इथे फक्त आजारपण, कार्य, प्रवास, तारखा. याचा आवाज चालू राहू द्या. दुसरा 'गप्पा': तो कायमचा म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. नवीन मेसेज आला तरी तो वर उसळत नाही, दिवसातून एकदा स्वतःहून उघडायचा.

अगदी नकोसा झालेला ग्रुप सोडताना आता फक्त ॲडमिनना कळतं. पण नात्यातला ग्रुप असेल तर आधी ॲडमिनला फोन करून सांगा, कारण तो ॲडमिन म्हणजे बहुधा आत्या किंवा मामा असतो आणि राग वर्षभर टिकतो.

वाढदिवसाचा केक आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग याला भेट समजू नका. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणसाला साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख सांभाळता येते, आणि त्यातली अगदी जवळची वर्तुळं पाच आणि पंधरा जणांची असतात. आकड्यांवर वाद आहेत, पण यादी करायला ते फार उपयोगी पडतात. वहीत पंधरा नावं लिहा. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाशी आवाजाने किंवा प्रत्यक्ष बोलणं झालं की पुढे खूण करा. दर एक दिवसाआड एक फोन केला की महिना पुरतो. दुःखाच्या प्रसंगी मात्र यादी वगैरे काही नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून थांबू नका, जा, किंवा निदान फोन करा.

रील्सचा ओढा

पुढचं रील कसं निघेल हे माहीत नसतं, दहांतलं एखादंच फर्मास निघतं, आणि नेमकी हीच अनिश्चितता बोट चालू ठेवते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत केव्हा दाणा मिळेल हे ठाऊक नसलेले प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहत. म्हणून 'पाच मिनिटंच बघतो' हा निश्चय टिकत नाही, त्यात मुलाचा चारित्र्यदोष नाही.

डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपला टायमर लावा, तो मध्यरात्री पुन्हा शून्यावर येतो. सध्याचा वेळ दोन तास असेल तर टायमर दीड तासाचा लावा, एकदम वीस मिनिटांचा नको. ॲप पहिल्या पानावरून हलवा. सूचनांमध्ये थेट मेसेज सोडून बाकी सगळं बंद करा. रात्री पडदा काळापांढरा ठेवा, रंग गेले की अर्धी गोडी जाते. सगळ्यात जास्त बिघडतं ते एका जागी: टायमर संपला की स्वतःच तो वाढवता येतो. आयफोनवर स्क्रीन टाइमला पासकोड असतो, तो घरातल्या दुसऱ्याकडून टाकून घ्या. मुलाने आईबाबांच्या फोनवर टाकला तर फारच छान, नियम सगळ्यांना सारखा आहे हे त्याला तेव्हा पटतं.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं इन्स्टाग्राम आता 'टीन अकाउंट' असतं. ते खाजगी असतं, तासाभराने आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात सूचना थांबतात आणि हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काही लागू होत नाही. आधी ते पाहा, न ओरडता.

फोन हिसकावून कपाटात कुलूपबंद करणं टाळा. मुलाचे मित्र त्यातच असतात, आणि हिसकावल्यावर ते दुसऱ्याच्या फोनवरून लपून तेच करतं. झोप सतत मोडणं, शाळा बुडणं, लपवाछपवी, फोन न मिळाल्यास मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा, यातलं काही दिसलं तर घरच्या नियमांवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून याच विषयाचं 'शट' क्लिनिक आहे.

आजीआजोबांचा फोन वेगळा

दिवसभर एकट्या असणाऱ्या आजीकडे सुप्रभातचे चाळीस फोटो येतात आणि ती ते पुढे पाठवते, कारण तेवढाच तिचा दिवसभरातला माणसांशी संबंध असतो. तिचा फोन परडीत टाकायला सांगण्याआधी तिला दुसरं काही द्या: नातवाचा रोज साडेसातचा अभ्यास तिच्याकडे, किंवा गावच्या मैत्रिणीला आठवड्यातून दोनदा लावून दिलेला फोन. फॉरवर्डवर दोन बाण दिसले तर तो मेसेज फार हातांतून आलेला असतो आणि व्हॉट्सॲप तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं, हे तिला शेजारी बसून दाखवा. फोटोंनी फोन भरत असेल तर 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया आपोआप उतरणं बंद करा. तिची परडी पहिला महिना पंधरा मिनिटांचीच ठेवा, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असू द्या.