गावच्या भिंतीवरचा ग्राफ काढताना या चुका टाळा

ग्रामसभेत चार्ट लावला की लोक आधी बारची उंची बघतात, आकडे नंतर वाचतात. म्हणून सगळ्यात घातक चूक या उंचीतच होते. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४,८९२ झाला. वाढ २९२ रुपयांची, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडी वर. पण उभा अक्ष ४,५०० पासून सुरू केला तर पहिला बार १०० चा आणि दुसरा ३९२ चा दिसतो. भाव जवळपास चौपट झाला, असं समजून माणूस घरी जातो. आकडे जवळजवळचे असले की एक्सेल स्वतःहूनही अक्ष असा मधूनच सुरू करतं. अक्षावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट अॅक्सिस' उघडा, 'मिनिमम'मध्ये ० टाका. मग वाढ अगदी किरकोळ दिसेल. ती आहेच तेवढी.

रेषेच्या ग्राफला शून्याची सक्ती नाही, पण तिथे सुरुवातीचं वर्ष जपून निवडा. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. तिथून रेघ ओढली की पुढे नुसती घसरण दिसते. चार-पाच हंगाम मागून सुरुवात केली तर ते एकच वर्ष किती वेगळं होतं, हे कळतं.

विहिरींच्या पाण्याचा ग्राफ तर हमखास चुकतो. पाणी जमिनीपासून किती खोल आहे, हे आपण मोजतो. समजा ऑक्टोबरात ४ मीटर आणि मे महिन्यात ११ मीटर भरलं. हेच आकडे जसेच्या तसे टाकले की मे महिन्यात रेघ वर चढते आणि कोणीतरी म्हणतंच, "पाणी तं वाढलं ना भाऊ!" त्याचं काही चुकत नाही, ग्राफच उलटा आहे. शून्य वर ठेवा, खोली खाली जाऊ द्या. एक्सेलमध्ये त्यासाठी 'व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर' असा पर्याय आहे. ज्या महिन्यात मोजणीच झाली नाही तिथे ० भरू नका, रकाना रिकामा सोडा. नाहीतर विहीर काठोकाठ भरलेली दिसेल.

पिकांसाठी पाय चार्ट काढायचा मोह होतो. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर असतेच. "कोणतं पीक घेता?" असं विचारलं की एकच शेतकरी दोन्हीकडे मोजला जातो, बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे जाते आणि गोलाचे तुकडे खोटे ठरतात. अशा प्रश्नाला आडवे बार बरे. बारऐवजी बोंडाचं चित्र लावणाऱ्यांनीही सांभाळावं: दुप्पट उत्पादन दाखवायला बोंड दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केलं की ते चौपट जागा व्यापतं. त्यापेक्षा एकाच मापाची दोन बोंडं काढा. थ्रीडी तर नकोच.

शेवटी झेरॉक्स. चार्ट रंगीत काढतो, पण पंचायतीच्या फलकावर त्याची काळी-पांढरी प्रत लागते. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. काही पुरुषांना तर मूळ प्रतीतही हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून प्रत्येक बारवर पिकाचं नाव आणि आकडा ठळक लिहा, आणि खाली आकडे कुठून, कोणत्या तारखेला घेतले तेही टाका.