गोल्फचा ड्रायव्हर घ्यायचाय? आधी फेसवरचा डाग बघा

ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायची काठी, निवडताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी ब्रँड ठरतो, मग शाफ्टवरचं (दांड्यावरचं) अक्षर, आणि लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, दुकानात जो उपलब्ध असेल तो. सुरुवात करायला हवी चेंडू फेसवर (हेडच्या फटका मारणाऱ्या बाजूवर) नेमका कुठे लागतो तिथून. त्यानंतर स्विंगचा वेग, मग लॉफ्ट, लांबी, शाफ्ट, आणि सगळ्यात शेवटी हेड.

त्यासाठी लागतं एक व्हाइटबोर्ड मार्कर. चेंडूच्या मागच्या बाजूला ठळक ठिपका काढा आणि तो फेसकडे येईल असा चेंडू टीवर (जमिनीत खोचायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा. टीची उंची अशी की चेंडूचा साधारण अर्धा भाग ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. फटक्यानंतर फेसवर शाईचा डाग उरतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, फेस कापडाने पुसा, पुढचा चेंडू मारा. आधी अंग मोकळं करून घ्या आणि मग दहा-बारा चेंडू तुमच्या सध्याच्या ड्रायव्हरने मारा. स्वतःचा नसेल तर क्लबच्या प्रोकडून (प्रशिक्षकाकडून) मागून घ्या.

आता डाग वाचायचे (हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलट्या घ्याव्यात). डाग फेसच्या टोकाकडे, म्हणजे ‘टो’कडे असतील तर चेंडू डावीकडे वळायला बघतो. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला असतील तर उजवीकडे. ज्याला आपण ‘माझा स्लाइस’ (उजवीकडे वळत जाणारा फटका) म्हणतो, त्यातला बराचसा वाटा या हीलवरच्या फटक्यांचा असतो. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू कमी कोनात निघतो आणि जास्त फिरकी घेतो. मध्याच्या किंचित वर लागलेला उंच निघतो आणि फिरकी कमी घेतो. डाग सगळ्या फेसभर विखुरले असतील तर लॉफ्ट-शाफ्टची चर्चा सध्या बाजूला ठेवा. तुम्हाला आखूड ड्रायव्हर हवा आहे.

लांबीकडे फारसं कोणी बघत नाही. आज दुकानात मिळणारे ड्रायव्हर बहुधा 45.5 ते 45.75 इंचांचे असतात, कारण लांब काठीने वेग वाढतो आणि जाहिरातीत अंतर दाखवता येतं. पण वेग नुसता हेडचा वाढून भागत नाही, तो चेंडूत उतरावा लागतो. समजा हेडचा वेग ताशी 90 मैल आहे. चेंडू मध्यावर लागला आणि हेडच्या 1.45 पट वेगाने निघाला, तर 130 मैल मिळतात. कडेला लागून हेच प्रमाण 1.38 वर आलं तर 124. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे ढोबळमानाने दोन यार्ड, तेव्हा इथे बारा यार्ड गेले, आणि दिशा बिघडली ती वेगळीच. अर्धा इंच जास्त लांबीने इतकं कमावता येत नाही. पंधराच्या वर हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीचा आकडा; जितका जास्त तितका खेळ कच्चा) असेल तर 45 किंवा 44.5 इंच मारून बघाच. दुकानात नुसती ग्रिप खाली धरून चाचणी करता येते. फरक पडला तरच शाफ्ट कापायचा. कापताना एक लक्षात ठेवा: अर्धा इंच कमी केला की स्विंगवेट (फिरवताना जाणवणारं हेडचं वजन) साधारण तीन अंकांनी उतरतं आणि हेड हाताला हलकं लागतं. ते भरून काढायला हेडवर सहाएक ग्रॅम वजन वाढवावं लागतं, स्क्रूने किंवा शिशाच्या पट्टीने. हे न करता दिलेला आखूड ड्रायव्हर काठीसारखा लागतो आणि मग माणूस म्हणतो, ‘आखूड मला जमत नाही.’

लॉफ्टच्या बाबतीत पुण्यातल्या क्लबांमध्ये एक विचित्र अभिमान दिसतो. नऊ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे जणू वरची पायरी. खरं तर वेग कमी असेल तर चेंडू हवेत टिकवायला जास्त लॉफ्ट लागतो. ताशी 80 मैलांच्या आत असाल तर 12 अंश किंवा त्याहून थोडा जास्त, 80 ते 95 मध्ये 10.5 ते 12, 95 ते 105 मध्ये 9.5 ते 10.5, आणि त्यापुढे गेलात तरच 9 चा विचार. तुमचा क्लब (काठी) चेंडूवर वरून खाली उतरत असेल तर ‘चेंडू फार उंच जातो, लॉफ्ट कमी करा’ असा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. ती उंची फिरकीमुळे आलेली असते आणि उपाय टीची उंची वाढवून चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवण्यात आहे. शिवाय लॉफ्ट कमी केला की त्याच वाकड्या फेसमुळे चेंडू आणखी वळतो. स्लाइसवाल्याने कमी लॉफ्ट घेणं म्हणजे पैसे देऊन स्लाइस वाढवणं.

पुण्याचं हवामानही लॉफ्टच्याच बाजूने बोलतं. जून ते सप्टेंबर जमीन भिजलेली असते. चेंडू जिथे पडतो तिथेच बसतो, त्यामुळे हवेतलं अंतर हेच खरं अंतर. एप्रिल-मेमध्ये कडक फेअरवेवर (कोर्सवरच्या आखूड गवताच्या पट्टीवर) कमी लॉफ्टचा चेंडू खूप धावतो आणि ड्रायव्हर उत्तम असल्याचा भास होतो. उन्हाळ्यात घेतलेल्या ड्रायव्हरची पहिल्या पावसानंतर तक्रार सुरू होते ती यामुळेच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, म्हणून मुंबईपेक्षा चेंडू इथे दोनेक टक्के लांब जातो. पण निवड बदलावी इतका हा फरक नाही.

शाफ्टवरची अक्षरं (ए, आर, एस, एक्स) हे कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक असू शकतो. सुरुवातीचा अंदाज म्हणून 85 ते 95 मैलांना आर, 95 ते 105 ला एस, त्याखाली ए किंवा सीनियर. पण वजन जास्त महत्त्वाचं: संथ लयीच्या खेळाडूला 45 ते 55 ग्रॅम, झटक्याने उतरणाऱ्याला 60 च्या आसपास. फार हलका शाफ्ट झटक्याच्या स्विंगमध्ये हातातून पळतो आणि डाग फेसभर पसरतात. म्हणजे पुन्हा मार्करकडेच यावं लागतं.

हेड शेवटी. नियमाप्रमाणे आकार 460 घनसेंटिमीटरपर्यंत, आणि हल्लीचे बहुतेक ड्रायव्हर त्या मर्यादेजवळच असतात. कंपन्या एकाच नावाखाली तीन-चार हेड काढतात. ‘मॅक्स’ म्हणजे वजन मागे, चुकलेल्या फटक्याला सांभाळून घेणारं. ‘ड्रॉ’ किंवा ‘एसएफटी’ म्हणजे वजन हीलकडे, स्लाइस थोडा कमी करणारं. ‘एलएस’ किंवा ‘एलएसटी’ म्हणजे वजन पुढे, फिरकी कमी, चूक माफ नाही. दहाच्या वर हँडिकॅप असेल तर तिसऱ्याकडे बघायचं कारण नाही. पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. त्याच्या पातळीच्या स्विंगसाठी जे हेड बनतं ते शनिवार-रविवारच्या खेळाडूला शिक्षाच आहे. आणि ज्याने नुकताच क्लब हातात धरलाय, त्याने सध्या ड्रायव्हर न घेता पाच नंबरच्या वुडने (ड्रायव्हरपेक्षा आखूड, जास्त लॉफ्टच्या काठीने) टीवरून मारावं. येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर झाडांत चेंडू शोधण्यात जाणारा वेळ तरी वाचेल.

चाचणीला स्वतःचा जुना ड्रायव्हर घेऊन जा. प्रत्येक क्लबने किमान दहा चेंडू, दर पाच चेंडूंनंतर क्लब बदलून, म्हणजे थकव्याचा दोष शेवटच्या क्लबवर येणार नाही. चेंडूचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या मशीनवरचा सर्वांत लांब फटका विसरा; हवेतल्या अंतराची सरासरी आणि डावी-उजवीकडचा पसारा लिहून घ्या. ताशी 90 मैलांच्या आसपास चेंडू 13 ते 16 अंशांत निघावा आणि फिरकी मिनिटाला 2500 ते 3000 फेऱ्यांत असावी. रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) जुने चेंडू कमी जातात, त्यामुळे अंतराचा आकडा खाली आला तर घाबरू नका. तुलना त्याच चेंडूंवर झाली म्हणजे पुरे.

हेड फिरवून लॉफ्ट बदलता येत असेल तर एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो (डावीकडे वळतो), कमी केला की उघडतो (उजवीकडे वळतो). स्लाइसवाल्याला एक अंश वाढवण्याचा दुहेरी फायदा मिळतो. स्क्रू सोबत आलेल्या पान्यानेच, टक असा आवाज येईपर्यंत घट्ट करा. साध्या पान्याने जास्त आवळला की आटे जातात.

वापरलेला ड्रायव्हर घेत असाल तर उन्हात नेऊन फेस आणि वरच्या भागाच्या सांध्यावर केसासारखी रेघ आहे का ते बघा, आणि हेड कानाजवळ हलवा. आत खडखडलं तर डिंकाचा तुकडा सुटलेला असतो किंवा वजन. हेड आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथल्या प्लास्टिकच्या कड्याच्या वर शाफ्टवर ओरखडा असेल तर नको म्हणा, शाफ्ट तिथूनच तुटतो. होसेलवरचा (हेडच्या शाफ्ट बसवायच्या नळीवरचा) सिरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या; निम्म्याहून कमी किमतीत नवाकोरा ताजा मॉडेल मिळत असेल तर तो बहुधा नकली असतो. स्पर्धा खेळणार असाल तर आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य ड्रायव्हर हेडच्या यादीत नाव हवं. नियमबाह्य क्लबने फटका मारला तर थेट बाद.

ग्रिपचं माप फुकट तपासता येतं: डाव्या हाताने धरल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकावीत. बोटं रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, टेकतच नसतील तर जाड. मे महिन्यात बॅग दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या उष्णतेत हेड धरून ठेवणारा डिंक मऊ पडतो आणि ग्रिपचं रबर गुळगुळीत होतं.