मायक्रोटिकवर स्टॅटिक आयपी टाकताय? आधी राऊट, मग डीएनएस

स्टॅटिक आयपीचं, म्हणजे कायम तोच राहणाऱ्या पत्त्याचं, कनेक्शन घेतलं की नेटवाला व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवतो आणि गायब होतो. समजा त्या अशा आहेत: आयपी २०३.०.११३.१०, मास्क २५५.२५५.२५५.२५२, गेटवे (नेटवाल्याच्या बाजूचं दार) २०३.०.११३.९, आणि डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८. (पहिले आकडे उदाहरणापुरतेच आहेत, तुमचे वेगळे असणार.)

विनबॉक्स उघडा, म्हणजे मायक्रोटिक राउटरची सेटिंग करायचं सॉफ्टवेअर. आयपी मेनूत ॲड्रेसेस, तिथे २०३.०.११३.१०/३० टाका, इंटरफेस इथर१, म्हणजे ज्यात नेटवाल्याची वायर आहे तो. ते /३० म्हणजे वरचाच २५५.२५५.२५५.२५२ मास्क, थोडक्यात लिहिलेला; तो विसरू नका हां, नुसता आयपी टाकला तर मायक्रोटिक त्याला /३२ धरतो, मग गेटवे त्याच्या दृष्टीने ओळखीचाच नाही आणि पुढचं सगळं बरोबर टाकूनही तुम्ही डोकं धरून बसता. इथर१ वर डीएचसीपी क्लायंट (आपोआप आयपी मागणारा) चालू असेल तर तो बंद करा.

आता आयपी, राऊट्स. प्लस दाबा, डेस्टिनेशन ०.०.०.०/०, गेटवे २०३.०.११३.९, ओके. ०.०.०.०/० म्हणजे "ज्याचा रस्ता मला माहीत नाही ते सगळं इकडे ढकल". ओळीच्या डाव्या बाजूला कॅपिटल 'ए' दिसला पाहिजे, तो नसेल तर राऊट नुसता लिहिलाय, चालत नाहीये. मग टर्मिनल उघडून ८.८.८.८ ला पिंग मारा. रिप्लाय आला तर रस्ता झाला. नाही आला तर डीएनएसला हात लावू नका, उगाच दोन गोष्टी एकदम बिघडवून ठेवाल.

रस्ता झाला की आयपी, डीएनएस. सर्व्हर्समध्ये ८.८.८.८, खाली जोडीला १.१.१.१ टाका, म्हणजे एक बसला तर दुसरा आहे. आता एखाद्या साईटच्या नावाने पिंग मारा. आकड्याने जातंय आणि नावाने नाही, तर घोळ डीएनएसचाच.

ऑफिसच्या पीसींना राउटरच डीएनएस म्हणून द्यायचा असेल तर 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' वर टिक करावी लागते, आणि इथेच मी एकदा आपटलोय. सुरुवातीला 'रिमूव्ह कॉन्फिगरेशन' (राउटरची तयार सेटिंग पुसणारं बटण) दाबलेलं, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारा तयार फायरवॉलही उडालेला, वर ही टिक. दोन दिवसांत लाईन रडायला लागली, मी नेटवाल्याला शिव्या घालतोय, आणि 'टॉर्च' (मायक्रोटिकचं चालू ट्रॅफिक दाखवणारं टूल) लावून बघतो तर बाहेरचे कुठकुठले आयपी माझ्या राउटरला नावं विचारतायत. तेव्हा टिक करण्याआधी फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरसाठी येणाऱ्या ट्रॅफिकचे नियम) इथर१ वरून येणारा ५३ पोर्ट, म्हणजे डीएनएसचा, ड्रॉप करा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.

राउटरवरून पिंग जातंय पण पीसीवर नेट नाही? मग फायरवॉलच्या नॅटमध्ये मास्करेडचा रूल (आतल्या पीसींना राउटरच्या आयपीने बाहेर पाठवणारा) आहे का बघा, आउट इंटरफेस इथर१. रिमूव्ह कॉन्फिगरेशनमध्ये तोही जातो.

दुसरी लाईन बॅकअपला असेल तर तिचा राऊट डिस्टन्स २ ने टाका (कमी डिस्टन्सवाला आधी वापरला जातो) आणि पहिल्यावर चेक गेटवे पिंग लावा. फक्त तो समोरचा गेटवेच तपासतो, नेटवाल्याच्या पुढे फायबर तुटली तर त्याला पत्ताच लागत नाही, तेव्हा पहिला राऊट हाताने डिसेबल करायचा.

आणि सगळं करूनही एखादा विंडोजवाला पीसी अडून बसला तर त्याच्या कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस मारा, म्हणजे त्याने साठवलेली जुनी डीएनएस उत्तरं पुसली जातात.