जहाज व्हॅलेटाला लागल्यावर शहर स्वतःच कसे पाहावे

माल्टाच्या ग्रँड हार्बरमध्ये जहाज लागते तेव्हा व्हॅलेटाची तटबंदी समोरच उभी असते, त्यामुळे जहाजावरची महागडी सहल घेण्याचे मला तरी कारण दिसत नाही. धक्क्यावरून चालत बराक्का लिफ्ट गाठावी, ५८ मीटर वर चढावे आणि थेट सेंट जॉन्स को-कॅथेड्रलकडे वळावे. तेथे काराव्हाज्जोने १६०८ साली रंगवलेल्या संत जॉनच्या शिरच्छेदाच्या चित्रात सांडलेल्या रक्तातच चित्रकाराची सही आहे, तीही त्याच्या चित्रांतली एकमेव. संगमरवरी थडग्यांच्या फरशीमुळे टोकदार टाचांना मज्जाव असतो. अपर बराक्का उद्यानाखालची तोफ दुपारी १२ वाजता डागली जाते, म्हणून कठड्याशी थोडे आधीच जागा धरावी. परतीची वेळ जहाजाच्याच घड्याळाप्रमाणे मोजावी.