शाळेत हळद करायची तर गड्डे वेगळे शिजवा

भिंतीवर पिकांची चित्रं चिकटवून आणि कुणाचं तरी तासभर भाषण ठेवून मुलांना शेती कळत नाही. पीक हातात यावं लागतं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे पाठ करून घेऊ नका. ओल्या हळदीची वाळकी हळद मुलांच्या हातून होऊ द्या.

अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण झालेली हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते. एखाद्या पालकाच्या रानात काढणी चालू असेल तिथे वर्ग न्या आणि मुलांनी वेचलेली पाच किलो हळद आणा. माती धुवा, मुळ्या काढा, वजन फळ्यावर लिहा.

आता शिजवणं. बिघडतं ते इथेच. पहिल्या वर्षी मी गड्डे, म्हणजे मधले जाड कंद, आणि त्यांना फुटलेली बोटांसारखी हळकुंडं एकाच पातेल्यात टाकली. हळकुंडं गळून गेली आणि जाड गड्डे आत कच्चे राहिले. वरून ते इतके छान वाळले की माझ्या लक्षातच आलं नाही. पावसाळ्यात डबा उघडला तर गड्ड्यांना कीड लागलेली. ज्या मुलांनी दोन आठवडे राखण केली होती, त्यांना तो डबा दाखवताना मला फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, गड्डे वेगळे काढा, मोठे असतील तर चिरा आणि वेगळे शिजवा.

‘तासभर उकळा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. घड्याळावर हळद शिजत नाही. पाण्यावर फेस येतो, हळदीचा उग्र वास सुटतो, तेव्हा झाऱ्याने एक हळकुंड ताटलीत काढा, निवू द्या आणि मुलाच्या हातात बोथट काडी द्या. काडी अडखळली तर अजून ठेवा, सहज आरपार गेली तर लगेच उतरवा. ही परीक्षा मुलांनीच करायची. चुलीपाशी मात्र पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी किंवा तुम्ही, दुसरं कुणी नाही. रंगासाठी सोडा टाकायचा सल्ला मिळेल, तो मानू नका. हळदीचा खरा रंग मुलांना दिसू दे.

पाणी निथळून दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवा, रात्री गोळा करून झाका. बोटं पिवळी होतात, पालकांना आधीच सांगून ठेवा.

वाळलेलं हळकुंड मोडताना टणक आवाज येतो. तो आला की पुन्हा वजन करा. पाच किलोची साधारण किलोभरच उरते. आमच्याकडे एका मुलीने विचारलं होतं, “बाई, चार किलो कुणी नेली?” लगेच उत्तर देऊ नका, वर्गाला भांडू द्या. मग सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सौद्यांचा त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहा आणि नऊ महिन्यांच्या पिकाचा हिशेब मुलांकडून मांडून घ्या. बियाणं, मजुरी, शिजवायचं जळण, सगळं धरून. शेतकऱ्याच्या घरातली मुलं या तासाला सगळ्यात जास्त बोलतात, आणि एरवी ती मागच्या बाकावर गप्प असतात.

जमलं तर सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन, पूर्वी ज्यांत हळद साठवायचे ती जमिनीतली पेवं दाखवा.

दळलेल्या हळदीची चिमूट बशीत घेऊन त्यात ओला चुना कालवा. ती लाल झाली की घरातल्या कुंकवाची गोष्ट मुलं स्वतःच सांगू लागतात. उरलेली हळद मावशींकडे द्या, दुसऱ्या दिवशीच्या खिचडीसाठी.